घरच्यांना कसं सांगतात

शेजारचे केसरीनाथकाका नेत्राला दारात दिसले. नेमकं यांनाच टाळून तिला परत निघायचं होतं.

सीमेजवळच्या लष्करी इस्पितळातली नर्स, कॅप्टन नेत्रा, सकाळी जखमी जवानांना विमानाने मुंबईत पोचवून आली होती. संध्याकाळी तेच विमान तिला परत सीमेकडे नेणार होतं. मधल्या वेळात ती भिवंडीला, टेमघरच्या घरी आली होती. आईबापांमागे तिनेच वाढवलेला धाकटा भाऊ कल्पेश त्याच सीमेवर होता. त्याच्यासाठी ती सुक्या जवळ्याची पुडी बांधून घेत होती.

काकांचा मुलगा दर्शन, कल्पेशच्याच तुकडीतला, तिच्याच वॉर्डात होता. सुरुंगाच्या स्फोटात त्याचा पाय गुडघ्याखाली उडाला होता. "ताई, बाबांना तू सांगू नकोस. मी माझ्या तोंडानं सांगेन," असा शब्द त्याने तिच्याकडून घेतला होता. तिने कल्पेशची चौकशी केली, तर "मागच्या चौकीत आहे, मजेत आहे," म्हणून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

काका खाटेवर टेकले. अंगात काल्हेरच्या गोदामातला वॉचमनचा गणवेश तसाच होता. ड्युटी अर्धी टाकून आले असावेत.

"पाणी देऊ?"

"नको."

शेजारच्या कापड कारखान्यातले लूम खडखडत होते. काका जमिनीकडे बघत बोलले.

"येवढी जखमी पोरं बघतेस. घरच्यांना कोन सांगतं? तुम्ही?"

"नाही, काका. पेशंट बोलता असेल तर त्याची मर्जी. नसेल तर त्याच्या युनिटचे साहेब कळवतात. आम्ही नाही."

"तुला ठावं असलं तरी?"

"तरी."

"समोर बाप बसलेला असला तरी?"

नेत्राने पुडीला दोरा गुंडाळला. गाठ बसेना. तुमचा मुलगा जिवंत आहे, एवढंच सांगितलं तर काय बिघडेल? शब्द ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले.

"हो. तरी."

काकांनी मान हलवली. "आनि सांगताना कसं सांगतात? हळूहळू?"

"नाही. गोलगोल बोललं की माणूस आशेला लागतो. नाव घेऊन सरळ सांगायचं." तिने पुडी बाजूला ठेवली. "काका, हात जोडते. दर्शनचं मला काही विचारू नका."

"त्याचं न्हाय विचारत, बाय. त्याचा पाय गेलाय, जीव हाय. सकाळी त्याचाच फोन आला व्हता."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"साहेब लोकांची गाडी तुझ्याकडं निघालीय, त्यानंच सांगितलं. परक्याच्या तोंडून कळू नये, म्हनून मी आधी आलो. आपला कल्पेश गेला."