लॉबीतलं घर

"ते घर लपव," अनिमेष म्हणाला. "गिऱ्हाइकांना नुसता टॉवर दिसला पाहिजे."

सोनलने मान हलवली. ठाण्यातल्या त्याच्या आर्किटेक्ट ऑफिसात ती कॉम्प्युटरवर इमारतींची मॉडेल बनवायची. बाळकुमच्या टॉवरचं मॉडेलही तिच्याकडेच आलेलं. पाडापाडीआधी ऑफिसने सगळ्या जागेची मोजणी केली होती, त्यामुळे तिथलं घर न् घर मॉडेलमध्ये उतरलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये पाडलेलं पुसलं जात नाही. त्यावर 'पाडलेलं' एवढी खूण बसते. मग ते लपवता येतं, नाहीतर काचेसारखं आरपार दाखवता येतं.

लपवायचं घर गोदूबाईचं होतं. गोदूबाई सोनलच्या आईची आई. आडनाव वेगळं, म्हणून ऑफिसात कोणाला पत्ता नव्हता. सोनलनेही लागू दिला नव्हता.

टॉवरसाठी जागा सोडायला आजूबाजूच्या सगळ्यांनी हर्षित शेठ या बिल्डरला सह्या दिलेल्या. गोदूबाईने दिली नाही. शेठ दोनदा येऊन गोड बोलून गेला, मग यायचाच थांबला. होळीनंतर ती आजारी बहिणीला बघायला खडवलीला गेली. परत आली तेव्हा रिक्षावाल्याला गल्ली सापडेना. गल्ली नव्हतीच. नवऱ्याने स्वतः गिलावा केलेल्या भिंती, सुकट वाळवायचा ओटा, सगळ्याचा सपाट मुरूम झालेला. गोदूबाई पिशवी मांडीवर घेऊन त्याच मुरमात बसली.

शेठ गाडीतून उतरला. "आजी, तुम्ही तर खडवलीला राहता ना?" तो म्हणाला. "मग इथं तुमचं घर कुठलं? इथं पडका गोठा होता."

प्रकरण कोर्टात गेलं, तिथेही त्याने तेच लावून धरलं. घरच नव्हतं, मग हक्क कसला.

गोदूबाई रडली नाही. सोनलच्या डोंबिवलीच्या घरी येऊन राहिली आणि गप्प झाली. जेवायची, खिडकीत बसायची, बस. आजी खचली, असं सोनलला वाटायचं. शेठला चारचौघांत मान खाली घालायला लावायची, आजीपुढे हात जोडायला लावायचे, एवढंच तिने मनात धरलं. अनिमेषचे टोमणे ऐकत, बाकीच्यांची कामं ओढत ती त्या ऑफिसात टिकून राहिली ती त्यासाठीच.

बुकिंगचा दिवस उजाडला. बाळकुमला शेठने थाटलेल्या एसी हॉलमध्ये गिऱ्हाइकं सोफ्यांवर बसलेली. मोठ्या पडद्यावर टॉवर सावकाश फिरत होता. अनिमेष माईकवर लॉबीचं कौतुक सांगत होता. लॅपटॉप सोनलच्या हाती होता.

तिने लपवलेलं घर आरपार केलं.

चकचकीत लॉबीच्या मधोमध एक फिकट घर उमटलं. उतरतं छप्पर, पुढं ओटा, गज लावलेल्या खिडक्या. त्याच्या भिंतींतून आतल्या लिफ्ट दिसत होत्या. हॉलमधली कुजबुज वाढली.

"ते काय आहे हो?" पुढच्या सोफ्यावरच्या एका रिटायर्ड गृहस्थांनी विचारलं.

अनिमेषने माईक खाली घेतला. शेठच हसून म्हणाला, "कुछ नहीं अंकल, जुना गोठा होता तिथं. मॅडम, बंद करा ते."

सोनलने बंद केलं नाही. तिने आतल्या खोलीवर क्लिक केलं. मोजणीच्या वेळी दिलेलं नाव पडद्यावर आलं. स्वयंपाकघर.

"गोठ्यात स्वयंपाकघर?" गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी मोबाईल वर धरला. मग बाकीच्यांनीही धरले. "कुणाचं घर आहे हे?"

"गोदूबाईंचं," सोनल म्हणाली. "त्या गावाला गेलेल्या तेव्हा पाडलं."

त्या दिवशी एकही बुकिंग झालं नाही. अनिमेषने सोनलला तिथल्या तिथे घरी पाठवलं. व्हिडिओ मात्र बाळकुमभर फिरला. कोर्टाने अनिमेषकडून मूळ मोजणी मागवली, आणि गोदूबाईची सही होईपर्यंत काम थांबवलं.

महिन्याभरात शेठ डोंबिवलीला आला. सोबत अनिमेष, बगलेत लॅपटॉप. शेठने चपला दाराबाहेर काढल्या आणि गोदूबाईपुढे खरोखरच हात जोडले.

"आजी, चूक झाली. दहाव्या मजल्यावर फ्लॅट देतो, खाडीच्या बाजूचा. एक नाही, दोन घ्या. फक्त सही द्या."

सोनलच्या जिवाला गार वाटलं. दोन फ्लॅट म्हणजे आजीचा म्हातारपणाचा प्रश्न मिटला. तिने पेन शोधायला टेबलाचा खणही उघडला.

"माजा घर दाखव आधी," गोदूबाई म्हणाली.

अनिमेषने घाईघाईने मॉडेल उघडलं. गोदूबाईने चष्मा लावला. फिकट ओट्यावरून, भिंतीवरून बोट फिरवलं. मग भिंतीतून दिसणाऱ्या लिफ्टवर ते थांबवलं.

"मना फ्लॅट नको," ती म्हणाली. "या घर हितं जसा दिसतंय ना, तसाच ऱ्हाऊ दे. आरपार. त्या जागेवं काय बांधायचा नाय. तसा लिहून आन, मंग सही देतंय."

शेठ अनिमेषकडे बघू लागला. अनिमेष खाली वाकला, लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "आजी, बरोबर तिथूनच सगळ्या लिफ्ट वर जातात. तेवढी जागा मोकळी सोडली तर टॉवरच उभा राहणार नाही."

गोदूबाईने चष्मा काढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं.

"दिसलं मना," ती म्हणाली. "म्हनूनच मांगतंय."