उंदराची रेघ

औषध अजून सिरिंजमध्येच होतं आणि उंदराच्या मेंदूचं तापमान चढूही लागलं. मेंदूत बसवलेली बारीक तार कागदावर रेघ काढत होती. शलाका चक्रावली. कोकेनने मेंदू तापतो, यावरच तर तिचा प्रबंध उभा होता. मेंदूतलं डोपामाइन हे रसायन अडवून पाहिलं, तेव्हा कोकेनची ऊब ओसरली होती. टोचण्याआधीची ही चढण मात्र तेव्हाही तशीच होती.

बाहेर गाईडसरांचे बूट वाजत होते. प्रत्येक इंजेक्शन आपल्यादेखत द्यायचं, हा त्यांचा दंडक.

दुसऱ्या दिवशी तिने धीर केला. "सर, आज जरा बाहेरच थांबता?" उंदराला नुसतं मिठाचं पाणी टोचलं. रेघ जेमतेम हलली. मग सरांना आत बोलावलं, तशी भराभर चढली.

सरांनी कागद निरखला. "म्हणजे वर्षभर आपण कोकेन मोजतोय की मला?"

"थोडं थोडं दोन्ही, सर."

"तुझ्या मेंदूत तार असती तर?"

"कागद पुरला नसता."

सर खुर्ची उचलून बाहेर जाऊन बसले. "कर सगळं पहिल्यापासून. मी आत येत नाही." थोड्या वेळाने त्यांना राहवलं नाही, दाराआडून विचारलं, "रेघ उतरली का गं?"

"उंदराची उतरली, सर."