चांगलीतली जेली

“जेली विकता की विष?” तिने खोकं काउंटरवर आपटलं.

औषधवाला दचकलाच. “काय झालं, ताई?”

“काय व्हायचं राहिलंय? बाबांना तिसऱ्यांदा ताप आलाय! पुन्हा लघवीत जंतू गेले तर मूत्रपिंड हातचं जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय.”

ऑपरेशन झाल्यापासून बाबा दिवसातून चार वेळा स्वतःच नळी घालून लघवी काढत. न्हाणीघराचं दार आतून लावून. लेकीसमोर लाज वाटायची बिचाऱ्यांना. तिच्या हातात उरलं होतं एवढंच, नळीला लावायची जेली नीट बघून आणणं. आधी मोठी ट्यूब आणली. उघडली की ती निर्जंतुक राहत नाही म्हणून डॉक्टर ओरडले. मग या एकेका वेळेच्या सीलबंद पुड्या आणल्या, तरी ताप आलाच. डोकं फिरणार नाही तर काय!

औषधवाल्याने खोक्यावरची तारीख पाहिली, एक पुडी दाबून पाहिली. “माल चांगला आहे. कधी नेलात?”

“तीन आठवडे झाले. निम्म्या पुड्या आत तशाच आहेत. घाला तुमच्या घशात!”

त्याने आत डोकावलं. “तीन आठवडे? पण ताई, तीस पुड्यांमध्ये...”

“मला शिकवू नका! याहून चांगली असेल ती द्या.”

त्याने दुसऱ्या कंपनीचं खोकं पुढे केलं.

घरी बाबा अंधाऱ्या खोलीत बसले होते. मागच्या महिन्यात तिने उगाच जळत ठेवलेल्या दिव्यांवरून घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हापासून ते बटणाला हात लावत नसत. एकदाची शिस्त लागली, असं तिला वाटलं होतं.

तिने दिवा लावला आणि खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. “ही घ्या. चांगलीतली आहे. त्या मेल्याला चांगला झापून आले.”

बाबांचा चेहरा पडला. “आणखी कशाला आणलीस गं? पहिली संपली कुठे?”

त्यांनी उशीखाली हात घातला आणि एक फोडलेली पुडी काढली. तिचं तोंड दुमडून त्याला कपड्यांचा चिमटा लावला होता.

“एक पुडी मी दीड दिवस पुरवतो,” ते कौतुकाच्या आशेने म्हणाले. “तूच ओरडली होतीस ना, ‘बाबा, काही म्हणून वाया घालवू नका’?”