भोपळेसाहेबांची नक्कल

भोपळेसाहेबांनी गावाला पूल बांधून द्यायचं कबूल केलं आणि त्यांच्या खुर्चीखालून भला मोठा आवाज निघाला. पोरं बाकांवरून खाली पडायचीच बाकी राहिली. भोपळेसाहेब म्हणजे हातात घालून नाचवायची बाहुली. डोकं भोपळ्याएवढं, छातीवर पदकंच पदकं. खोटं बोलायला लागले की साहेब अडखळायचे. "प-प-पूल देईन, प-प-पाणी देईन," म्हणायचे, आणि मागून बायको येऊन त्यांना झाडूने बडवायची.

पडदा पडला. हा खेळ सुट्टीत मुलांना दाखवायचा की नाही, हे नाट्यगृहाच्या समितीला आता ठरवायचं होतं. मुलांना कसा वाटतो ते बघायला जवळच्या शाळेतला एक वर्ग मुद्दाम बोलावला होता. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. ते चष्मा काढून डोळे पुसत होते. "आचरट आहे," ते हळूच म्हणाले, "पण चालेल. पोरं खूश आहेत." व्यवस्थापकांचीही हरकत नव्हती. राहता राहिल्या बाई.

बाई मुलांच्या मनाच्या डॉक्टर होत्या. खेळ चालू असताना त्यांनी रंगमंचाकडे फारसं पाहिलंच नव्हतं, त्या मुलांचे चेहरे बघत बसल्या होत्या. मुलांच्या मनातलं बाईंना न सांगता कळतं, असं लोक म्हणत. हळूहळू ते बाईंनाही पटलं होतं.

"एखाद्याच्या अडखळण्यावर हसायला शिकवतोय हा खेळ," त्या म्हणाल्या. "आणि सगळी मुलं काही खूश नाहीत. ती बघा, दुसऱ्या रांगेतली. मघापासून तोंडावर हात घट्ट दाबून बसलीय."

"हसू दाबायलाही तसाच हात ठेवतात, बाई," बाहुलीवाला म्हणाला. तो पडद्याआडून बाहेर येऊन उभा होता. साहेब अजून त्याच्या हातातच होते. बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या उठून मुलांपाशी गेल्या.

"तू, दोन वेण्यांवाली. उभी राहा बरं."

वर्गाचे सर भिंतीला टेकून उभे होते, ते लगबगीने पुढे आले. "बाई, तिला नको. दुसऱ्या कुणालाही विचारा. ती नवीन आहे, फारशी बोलत नाही."

"म्हणूनच तिला विचारायचंय. जी बोलत नाहीत त्यांचंच ऐकायला हवं." बाई मुलीसमोर वाकल्या. "घाबरू नकोस, बाळ. तुला काय वाटलं ते सांग. आम्ही थांबतो."

मुलीने सरांकडे पाहिलं. सगळं नाट्यगृह तिच्याकडे बघत होतं.

"म-म-मला," ती म्हणाली, "प-प-पोट दुखेपर्यंत ह-हसू आलं."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. "अगदी तस्साच आवाज काढला," एक जण म्हणाला. शेजारची मुलगी तिची बाही ओढत म्हणाली, "अजून एकदा कर ना गं."

मुलीने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. ती काय समजायचं ते समजली. तिने छाती पुढे काढली, गाल फुगवले आणि म्हणाली, "प-प-पूल देईन." वर्ग हसून लोटपोट झाला. बाहुलीवाल्याने हातातल्या साहेबांना कमरेत वाकवून तिला मुजरा करायला लावला. मुलगी हसली. या शाळेत आल्यापासून तिला असं तोंडभर हसताना सरांनीही पाहिलं नव्हतं.

बाईंना ते बघवेना. त्यांनी जोरात टाळी वाजवली.

"गप्प बसा सगळे. तुम्हाला वाटतंय ती नक्कल करतेय. ती नक्कल करत नाहीये. ती बोलतेच तशी. तिला त्रास होतो बोलताना, आणि तिच्यावर असं हसणं फार वाईट आहे."

सगळीकडे चिडीचूप झालं. मुलीच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, ते आवरायचं तिला सुचलं नाही. शेजारच्या मुलीने तिची बाही सोडली आणि ती बाकावर जरा लांब सरकली. मागून कुणीतरी अगदी हळू, करून बघावं तसं "प-प" केलं. मग दुसऱ्याने केलं. आता जे हसू पसरलं ते मघासारखं नव्हतं. त्यात डोळे मुलीकडे होते आणि तोंडं खाली होती.

सरांनी वर्गाला बाहेर काढलं. जाता जाता ते बाईंपाशी थांबले. "ती लाजाळू आहे असंच वाटत होतं सगळ्यांना. तिला कधी चारचौघांत उभं करणार नाही, असा शब्द दिला होता मी तिला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तिला असल्या खेळाला घेऊन आलात?"

सर मान खाली घालून मुलांच्या मागे गेले.

अध्यक्षांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तुमचं बरोबर होतं, बाई," ते म्हणाले. "मुलांवर लगेच परिणाम होतो." व्यवस्थापकांनी मान डोलावली. बाहुलीवाल्याला सांगण्यात आलं की खेळ मुलांसाठी योग्य नाही. त्याने साहेबांना हातातून काढलं आणि पेटीत ठेवलं.

बाहेर अंगणात वर्ग रांग करत होता. साऱ्या वर्गाचा मिळून एकच आवाज वर येत होता, "भो-भो-भोपळीण, भो-भो-भोपळीण." सर कुणाला तरी ओरडत होते, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

"त्या पोरीचं कसं व्हायचं आता?" अध्यक्षांनी विचारलं.

"तिच्यासाठीच तर केलं हे सगळं," बाई म्हणाल्या, आणि आवाज फार येत होता म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.