सोबतच्या माणसाचा डबा

सरकारी रुग्णालयात एक वाजता पारूमावशींनी घोडकेकाकांच्या खाटेवर दोन डबे ठेवले. एक रुग्णाचा, एक सोबतच्या माणसाचा.

"अर्ध्या तासात खा बरं का. डबा शेवाळापासून केलेला आहे, नव्या नियमाप्रमाणे विरघळणारच."

"लेक येतेय," काका म्हणाले. हे ते नऊ दिवस सांगत होते.

त्यांनी आपलं जेवण संपवलं, रिकामा डबा पापडासारखा मोडून खाल्ला आणि मुलीचा डबा मांडीशी घेऊन दाराकडे बघत बसले. सव्वाला फोन वाजला.

"बाबा, आजही जमत नाहीये हो."

"असू दे, मंजिरी. इथं सगळे आहेत माझ्याजवळ."

आजूबाजूच्या खाटांवर प्रत्येकाला त्याचं माणूस भरवत होतं. दीडला डब्याच्या कडा मऊ पडल्या. काकांनी तो दोन्ही हातांनी सावरायचा प्रयत्न केला, पण डबा बोटांतच विरघळला आणि भात-आमटी चादरीवर पसरली. मावशी फडकं घेऊन धावत आल्या.

"लेक नाही आली?"

"आली होती की," काका मान खाली घालून म्हणाले. "आत्ताच गेली. पोटभर जेवली."

मावशींनी चादरीकडे पाहिलं.

"बरं झालं," त्या हळूच म्हणाल्या. "उद्यापण दोन आणते."