तीन ठिपके

वसईतल्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात बागायतदार नरहरी आपला विलायती घडीचा चाकू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. “ब्याऐंशी साली आमच्या गड्यानं, बळीरामनं चोरला. पुढे त्याच्याच पेटीतून मी काढला!” बळीरामची मुलगी हेमांगी स्वतः चाकूंची संग्राहक होती. तिने पात्यावर भिंग धरले. कंपनीच्या नावातली विजेसारखी वळणदार अक्षरे ऐंशीच्या दशकातली होती. ही कंपनी दशकारंभी नावाखाली दहा ठिपके उमटवी आणि दरवर्षी एक कमी करी. इथे तीनच होते. “नरहरीकाका, हा सत्त्याऐंशीचा. चोरीच्या वेळी घडलाच नव्हता.” नरहरींचा चेहरा उतरला. “हळू बोल, पोरी. खरा नंतर माझ्याच केळीच्या बुंध्याशी सापडला, गंजून गेलेला. अब्रू राखायला हा विकत आणला. बळीराम तोवर गेला होता गं.” हेमांगीने शेजारी उभ्या निवेदकाचा माईक त्यांच्यापुढे धरला. “बाबांना भर जत्रेत चोर म्हणालात. आता हळू कशाला?” ते माईक दूर सारू लागले, पण तिने हात मागे घेतला नाही.