जुईच्या आवडीची खिरापत

पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून भोंडल्याची गाणी झाली आणि दमयंतीने आपला झाकलेला डबा पुढे केला. आता मैत्रिणींनी आतली खिरापत ओळखायची.

"लाडू? चिवडा?"

सगळ्या मैत्रिणींच्या कानामागे दवाखान्याचा हिरवा ठिपका होता. यंदा जी ती दवाखान्यात जाऊन हलकी होऊन येत होती. छातीवर बसलेली आठवण तिथे अलगद काढून देत, पायातला काटा काढावा तशी. दमयंतीच तेवढी गेली नव्हती.

"हिला मेलीला जडच राहायचंय!" कुणीतरी चिडवलं.

दमयंती हसली. "ओळखा ना. जुईच्या आवडीची आहे."

"जुई कोण गं?" हेमलताने विचारलं.

जुई दमयंतीची एकुलती लेक. गेल्या श्रावणात तापाने गेली, ती हेमलताच्याच मांडीवर.

"हेमे, असली थट्टा नको. तुझ्या मांडीवरच तर..."

हेमलताने घाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "नको बाई, सांगू नकोस! काढून टाकलं असेल मी. परत जावं लागेल."

दमयंतीने एकेकीकडे पाहिलं. पोरीला न्हाऊ घालणाऱ्या, तिच्या वेण्या घालणाऱ्या, तिला कडेवर मिरवणाऱ्या सगळ्या तिथेच होत्या. एकीच्याही डोळ्यांत जुई नव्हती.

तिने डबा उघडला. गुळपापडी हातोहात संपली.

"काय खुसखुशीत झालीय!" हेमलता मायेने म्हणाली. "तुला एखादं लेकरू हवं होतं गं, दमे. किती लाड केले असतेस!"